जाहिरातीची रिक्षा आणि आपला मोहल्ला

दहावीच्या मराठीत जाहिरातलेखनाचा एक प्रश्न असतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलींची ही दुसरी भाषा. व्याकरणात त्या अडखळतात, पण जाहिरातलेखन त्यांना आवडते, कारण त्यात चौकट आखायची असते आणि वाक्ये लहान असतात. एकदा मी फळ्यावर विषय लिहिला : ‘तुमच्या शहरातील चित्रपटगृहात नवा मराठी चित्रपट लागला आहे. त्याची जाहिरात तयार करा.’ नाव कोठे लिहायचे, खेळाची वेळ आणि तिकिटाचा दर कोठे द्यायचा, हे सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, ये किसके वास्ते लिखना?” मी म्हणाले, “प्रेक्षकांसाठी.” तिने पुन्हा विचारले, “मतलब अपने लोगां के वास्ते भी?” वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

घरी वह्या तपासायला बसले तेव्हा हसू मावळले. सगळ्या वर्गाच्या जाहिरातींत ताई होत्या, वहिनी होत्या, आई-आजींना घेऊन येण्याचे आग्रहाचे आमंत्रण होते. खाला, आपा, अम्मी, दादीजान एकाही वहीत नव्हत्या. ज्या मुली दिवसभर हेच शब्द बोलतात, त्यांनी आपल्याच माणसांना आमंत्रणातून वगळले होते. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. शहरात जे दिसते आणि जे ऐकू येते, तेच त्यांनी वहीत उतरवले होते.

चित्रपटाची समीक्षा पडदा उजळल्यावर सुरू करायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे. कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत यांचा हिशेब होतो. चित्रपट गावात आला कसा, त्याची बातमी कोणाला दिली गेली आणि कोणाला नाही, याची नोंद समीक्षेत येत नाही. ते काम वितरकाचे, धंद्याचे, म्हणून आपण सोडून देतो. मला वाटते, जाहिरात हे चित्रपटाचे पहिले वाक्य असते आणि ते वाक्य कोणाकडे पाहून बोलले गेले, यावरून चित्रपट आपला प्रेक्षक कोणाला मानतो ते कळते. ‘जाहिरात’ हा शब्द तर आपल्या घरचाच आहे. जाहिर करणे म्हणजे जे आत आहे ते सर्वांपुढे उघड करणे. उर्दूत आम्ही इश्तिहार म्हणतो. मग मराठी चित्रपट आमच्या शहरात कोणापुढे जाहिर होतो आणि कोणापुढे दडलेलाच राहतो, हा प्रश्न साहित्याच्या वार्षिकात विचारायला हरकत नसावी.

या प्रश्नाचा इतिहास गमतीचा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. प्रवेश एक रुपया होता. आठवड्याभरात ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि पुढे तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले. त्या दिवसांतील वर्तमानपत्री जाहिरातीत एक सोय आवर्जून कळवलेली होती : पडदानशीन स्त्रिया आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी राखीव बॉक्स आहेत. जाहिरात देणारा काही समाजसुधारक नव्हता. त्याला तिकिटे विकायची होती. पण या शहरात पडद्यात राहणाऱ्या बायका आहेत, त्यात मुस्लिम आहेत तशा इतर घराण्यांतल्याही आहेत, त्यांनाही ही नवलाई पाहावीशी वाटेल आणि त्यांच्यासाठी आपल्याला काही करावे लागेल, एवढे त्याला सुचले. सव्वाशे वर्षे होऊन गेली. मी बुरखा घालून टॉकीजच्या खिडकीशी जाते, तेव्हा तिकीट देणारा चमकून पाहतो. १८९६ च्या जाहिरातदाराने तसे पाहिले नसते.

दादासाहेब फाळक्यांचेही उदाहरण आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पुढे तो सुरतेला गेला, तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायची सवय होती. तीन आण्यांत दीड तासाचा खेळ त्यांना महाग वाटला. फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा हिशेब लोकांपुढे ठेवला आणि गल्ला भरू लागला. गावातला माणूस कशाचे मोल करतो हे त्यांनी ओळखले आणि त्याच्याशी त्याच्या मापात बोलले. स्थानिक टॉकीजमधल्या जाहिरातीचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

पुढच्या काळात तर या जाहिरातीच्या कलेला आपल्याच माणसांचे हात लागले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले, ते सुरुवातीला सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत. हिंदी चित्रपटांच्या पोस्टरवर आणि पडद्यावरच्या नामावलीत एके काळी नाव तीन लिप्यांत असे : इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू. माझ्या आजोबांच्या पेटीत गाण्यांच्या चोपड्या होत्या, त्यांत तीच गाणी दोन-तीन लिप्यांत छापलेली असत. मी उर्दू अक्षरे शाळेआधी त्या चोपड्यांत पाहिली. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ लागला, तेव्हा निमंत्रणे शाही फर्मानासारखी उर्दूत काढली होती आणि चित्रपटाची रिळे हत्तीवरून आणली होती. ‘मुस्लिम सोशल’ हा प्रकार तर नावासकट जाहिरातीच्या बाजारातून आला. त्या चित्रपटांतले नवाब आणि तवायफा आमच्या घरात कधीच नव्हत्या. अब्बा गॅरेजमध्ये होते, नवाब कुठले! तरीही त्या पोस्टरवरचे उर्दू अक्षर रस्त्यावरच्या माणसाला सांगत असे की, तुलाही बोलावले आहे. पुढे ते अक्षर पोस्टरवरून हळूहळू गेले. ते गेल्याचे कोणी जाहिर केले नाही.

मराठी चित्रपटात ते अक्षर नव्हतेच आणि त्याची तक्रारही नाही. मराठी चित्रपटाने मराठीत बोलावे. आपण मराठीच आहोत, हे १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण सांगत आलो आहोत. माझा मुद्दा लिपीचा नाही, वाटेचा आहे.

नगरमध्ये नव्या चित्रपटाची रिक्षा फिरते, ती आमच्या लहानपणापासून पाहते आहे. तिन्ही बाजूंना पोस्टर, टपावर कर्णा, आत कॅसेट, आणि मध्येच गाणे थांबवून खास ओढलेल्या आवाजात चित्रपटाचे नाव, टॉकीजचे नाव, रोज चार खेळ. मागून हँडबिले उडत आणि पोरे धावत. आता कॅसेटच्या जागी पेनड्राइव्ह आहे, तेवढाच फरक. ही रिक्षा चितळे रोडने जाते, कापडबाजारात रेंगाळते, दिल्लीगेटकडे वळते. हिंदी चित्रपट असला की झेंडीगेटकडेही येते, मुकुंदनगरातही येते आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून गाणे पूर्ण वाजवते. मराठी चित्रपटाची रिक्षा मी आमच्या गल्लीत एकदाही पाहिलेली नाही. रिक्षावाल्यांपैकी एक तर आमच्याच ओळखीचा. त्याला विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले, “आपा, डिझेल कायको जलाना? यहाँ कौन देखता मराठी पिच्चर?”

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. रिक्षाला दिवसाचे पैसे ठरलेले असतात आणि तेवढ्यात जिथे गिऱ्हाईक आहे तिथेच ती फिरणार. पण ज्यांना बोलावले जात नाही ते येत नाहीत, आणि जे येत नाहीत त्यांना बोलावले जात नाही. या चक्रात आमच्या दोन पिढ्या गेल्या. कोठल्याची मोहरमची सवारी निघते तेव्हा नगरच्या प्रत्येक पेठेला बातमी असते. तिथे हिंदूही येतात, मुसलमानही येतात, कोणाला वेगळे कळवावे लागत नाही. ज्या शहरात सवारीची बातमी सगळ्यांना पोचते, त्या शहरात मराठी चित्रपटाची बातमी अर्ध्या रस्त्यावरून परत फिरते.

हे नुकसान फक्त आपले नाही, चित्रपटाचेही आहे. त्यासाठी टॉकीजचा आजचा हिशेब थोडा समजून घ्यावा लागेल. पूर्वी चित्रपटाच्या प्रती मोजक्या निघत. मराठी चित्रपट आधी पुण्या-मुंबईत चाले, मग प्रत जिल्ह्याला येई, मग तालुक्याला आणि शेवटी यात्रेतल्या तंबूत. त्याची कीर्ती त्याच्या आधी गावात पोचलेली असे. संगणकीय प्रक्षेपण आल्यापासून एकाच शुक्रवारी चित्रपट सगळीकडे लागतो. त्यामुळे लहान गावाला वाट पाहावी लागत नाही, हे चांगले झाले. पण त्याचे आयुष्य तीन दिवसांवर आले. शुक्रवार, शनिवार, रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत, तर सोमवारी खेळ कमी होतात किंवा गैरसोयीच्या वेळेला जातात, आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा चित्रपट दारात उभा असतो. ‘चांगला आहे, बघा,’ हे एकाने दुसऱ्याला सांगायलाच चार दिवस लागतात. तेवढ्यात चित्रपट गेलेला असतो. म्हणून आजची जाहिरात म्हणजे विकत घेतलेला वेळ. ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याला वेळ जास्त.

हा झगडा नवा नाही. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये जागा मिळेना, कारण तिथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि ‘सोंगाड्या’ लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याचा आग्रह धरला. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेवरून वाद झाला, तेव्हा दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ‘मोक्याची’ वेळ ठरली. पडदा मिळवून देणे सरकारला किंवा संघटनेला जमते. प्रेक्षक मिळवून देणे त्यांना जमत नाही. प्रत्येक चित्रपटामागे रस्त्यावरचे बळही उभे राहत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी हे दुःख भोगले आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचा हा माणूस. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकला. त्याच महाविद्यालयातून नागराज मंजुळेही गेले. कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला. मेंढपाळांच्या भटकंतीच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तो प्रदर्शित झाला. २०१८ मध्ये ‘बबन’ आला. त्यानंतरचा त्यांचा ‘टीडीएम’ २८ एप्रिल २०२३ ला लागला. त्याच दिवशी केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग आला. ‘टीडीएम’ला पुरेसे खेळ मिळाले नाहीत. प्रचारासाठी थिएटरात गेलेल्या नव्या कलाकारांना प्रेक्षकांसमोरच रडू कोसळले. ती दृश्ये महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. शेवटी कऱ्हाडे यांनी चित्रपट थांबवला आणि ९ जूनला पुन्हा प्रदर्शित केला.

त्या रडण्यावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातली तारीख खटकते. २०२३ ची रमजान ईद २२ एप्रिलला झाली. तिच्या आदल्या दिवशी, २१ तारखेला, सलमान खानचा ‘किसी का भाई किसी की जान’ लागला. महिनाभर टॉकीजकडे न फिरकलेली आमची पोरे हातात ईदी घेऊन तिकडे गेली. हिंदी निर्मात्याला आमचा चंद्र कोणत्या दिवशी दिसतो हे माहीत आहे. त्यावर तो वर्षाचा धंदा उभारतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, आमच्या घरांत शिरखुर्म्याची भांडी अजून निघत होती तेव्हा, आपल्या जिल्ह्यातल्या मातीतल्या माणसाचा चित्रपट आला. ट्रॅक्टरवर राबणारा त्याचा नायक आमच्या कितीतरी घरांतल्या पोरांसारखाच. राहुरी, नेवासे, श्रीगोंद्याच्या उसात ट्रॅक्टर चालवणारे शेख आणि पठाण थोडे आहेत का? तरीही ती खबर आमच्यापर्यंत आली नाही. ज्या चित्रपटाला एकेका खुर्चीची गरज होती, त्याला एका अख्ख्या मोहल्ल्याच्या खुर्च्या मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

प्रेक्षक मोजता आला तर काय होते, हेही त्याच वर्षी दिसले. ‘महाराष्ट्र शाहीर’नंतर दोनच महिन्यांनी, ३० जून २०२३ ला, केदार शिंदे यांचाच ‘बाईपण भारी देवा’ आला. बायकांनी गट करून, भिशी मंडळे करून, साड्या नेसून आणि गॉगल लावून तो पाहिला. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ पाहायला खेड्यांतून बायका टेम्पो-ट्रॅक्टर भरून गेल्या होत्या, तसेच काहीसे पुन्हा घडले. बाईला सरळ हाक मारली की ती येते, हे दोन्ही वेळा सिद्ध झाले. भिशी आमच्या गल्लीतही आहे. बारा बायका दर महिन्याला जमतात. सहा बहिणींची, रुसव्याफुगव्यांची गोष्ट त्यांना कळली नसती असे थोडेच आहे! पण त्या हाकेत मंगळागौर होती, साडी होती. त्यात काही वावगे नाही, ती गोष्टच तशी होती. एवढेच की आमच्या बारा जणींना ती हाक दुसऱ्या कोणाला तरी मारलेली वाटली.

मग जो चित्रपट आमच्याच घरातला होता, त्याचे काय झाले? राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ ६ ऑक्टोबर २०१७ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील, ज्यांना ‘धग’साठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तलाक दिलेल्या बाईला पुन्हा नांदवायचे, तर आधी तिचे दुसऱ्याशी लग्न लावायचे, या रिवाजात एका खेड्यातल्या मुस्लिम बाईची होणारी फरपट हा त्याचा विषय. कथा चित्रपटाच्या कितीतरी आधीची. पण त्या वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला होता आणि रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर आमच्या घरांची झडती चालू होती. त्या गोंगाटात ‘हलाल’ हे नाव आले. बाहेरच्यांना ते ‘यांच्यातले काहीतरी’ वाटले, आतल्यांना आणखी एक आरोप वाटला. प्रदर्शनाआधी काही मुस्लिम संघटनांनी विरोधही केला. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला होता, कोणास ठाऊक.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मला तो पाहायचा होता. जाहिरात मला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सापडली. अम्मीला म्हणाले, शुक्रवारी जाऊ. अम्मी म्हणाली, “पहले कोई देख के तो आने दे. अपनी बदनामी होगी तो?” शेजारच्या खालाने सांगितले, मोहल्ल्यात कोणी पाहिले तर काय म्हणतील. शनिवार गेला, रविवारी पाहुणे आले. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी धाडस करून टॉकीजवर पोचलो. पोस्टर होते, खेळ नव्हता. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “निघाला तो. पाच-सात माणसांत कसा चालवणार?” मग आमच्या बुरख्यांकडे पाहून जरा नरमाईने म्हणाला, “तुमच्यातले कोणी आलेच नाही.”

त्याच्या त्या वाक्याचा मला राग आला. ‘तुमच्यातले’ म्हणजे काय? चित्रपट मराठी, मी मराठीची शिक्षिका. पण घरी येताना रिक्षात अम्मी हळूच म्हणाली, “सच्ची तो बोला उन्ने.” खरेच बोलला होता. तीन दिवस आम्ही दुसऱ्या कोणी तरी आधी पाहण्याची वाट पाहत होतो, आणि प्रत्येक घर तीच वाट पाहत होते.

‘हलाल’ मी पुढे घरीच पाहिला. मोठ्या पडद्यासाठी केलेली गोष्ट हाताएवढ्या पडद्यावर. त्यातली मुस्लिम माणसे खेड्यातली आहेत, गरीब आहेत आणि मराठी बोलतात. नवाबी नाही, पान खाऊन शेर फेकणे नाही. एवढ्यासाठीही तो आपल्या लोकांनी पाहायला हवा होता. ठरवून केलेल्या हलाल्याचा हदीसमध्ये कडक शब्दांत निषेध आहे, हे आपल्या किती घरांना माहीत आहे? त्यावर घराघरांत बोलणे व्हायला हवे होते. चित्रपटात मला उणेही दिसले. मुस्लिम बाईचे आयुष्य म्हणजे तलाकपासून तलाकपर्यंत, असा जो समज बाहेर आहे, त्याच्या पलीकडे तो फारसा जात नाही. तिची शेती, तिची मजुरी, तिच्या शेजारणी अंधुक राहतात. पण हे उणे आपण टॉकीजमधून बाहेर पडताना, चहाच्या टपरीवर उभे राहून काढायला हवे होते. न पाहता काढलेले उणे म्हणजे दुसऱ्याचे ऐकून दिलेली साक्ष. ती शरीयतलाही मान्य नाही आणि समीक्षेलाही नाही.

याउलट एक अनुभव सांगते. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला, तेव्हाही आमच्या गल्लीत रिक्षा आली नव्हती. पण आर्चीच्या परश्याला एक दोस्त होता, सल्या. ते काम करणारा अरबाज शेख करमाळ्याकडचा, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच. पुढच्या काही दिवसांत मोहल्ल्यातली पोरे एकमेकांना ‘सल्या’ म्हणून हाका मारू लागली. सल्याला दाढी नव्हती, टोपी नव्हती, तो देशभक्त असल्याचे सिद्ध करत नव्हता आणि कोणाला तलाकही देत नव्हता. तो मित्र होता, मित्रासाठी मार खात होता, आणि ग्रामीण मराठी फाडफाड बोलत होता. त्या एका पोराने जी जाहिरात केली, ती कोणत्याही कर्ण्याला जमली नसती. आमची पोरे मराठी चित्रपटाला गेली, कारण पडद्यावर कोणीतरी त्यांना ओळखल्यासारखे वागले.

नगरला हे नवे नाही. याच शहरात १९१८ मध्ये जन्मलेले शाहू मोडक मराठी ख्रिस्ती होते आणि लोकांनी त्यांना पडद्यावर पुन्हा पुन्हा कृष्ण म्हणून स्वीकारले. प्रभातच्या ‘शेजारी’त व्ही. शांताराम यांनी १९४१ मध्ये, देशात फाळणीचे बोलणे चालू असताना, हिंदू-मुस्लिम दोस्तीची गोष्ट सांगितली. त्याच गोष्टीच्या हिंदी ‘पडोसी’त मझहर खान हिंदू झाले आणि गजानन जागीरदार मुसलमान. मराठी पडद्यावर शेजारी होता. प्रश्न आहे तो पडद्यासमोरच्या खुर्चीवरच्या शेजाऱ्याचा.

मराठी चित्रपटवाल्यांकडे मागणे फार नाही. कलाकार प्रचारासाठी शहरात येतात, महाविद्यालयांत जातात, मॉलमध्ये नाचतात. तासभर एखाद्या उर्दू शाळेतही यावे. आमच्या मुलींना मराठीत प्रश्न विचारता येतात, त्यांचे उच्चार ऐकून हसू नये एवढेच. हँडबिलाची एक बाजू उर्दूत छापावी. ती सगळ्यांनाच वाचता येणार नाही, पण आजोबा ती हातात घेऊन थांबतील. पहिला शुक्रवार दुपारचा असेल तर जुम्याची वेळ लक्षात ठेवावी. आणि रिक्षावाल्याला आणखी पन्नास-शंभर रुपये देऊन आमच्या गल्लीपर्यंत पाठवावे.

आपल्याकडे मागणे जास्त आहे. आपले चित्रण होत नाही, झाले तर चुकीचे होते, ही तक्रार आपण प्रत्येक संमेलनात करतो. ती खरी आहे. पण टॉकीजचा मालक ठराव वाचत नाही, तो खुर्च्या मोजतो. आपल्यावरचा किंवा आपल्या शेजाऱ्यावरचा बरा मराठी चित्रपट आला, तर पहिल्या तीन दिवसांत जायला हवे. आवडला तर चौथ्या दिवशी सांगायला हवे, नाही आवडला तर तेही सांगायला हवे. आपल्या वार्षिकांनी त्यावर लिहायला हवे. आणि बायकांना नेले पाहिजे. १८९६ मध्ये त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली होती. निदान ती रिकामी राहू नये.

त्या वह्या मी मुलींना परत दिल्या आणि तोच विषय पुन्हा लिहायला सांगितला. या वेळी एकच अट घातली, जाहिरात स्वतःच्या गल्लीतल्या एका माणसासाठी लिहायची. कोणी आजीसाठी लिहिली, कोणी शिवणकाम करणाऱ्या आपासाठी. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने आपल्या अम्मीसाठी लिहिली होती. चित्रपटाचे नाव, वेळ, दर सगळे नीट होते. खाली चौकटीत तिने लिहिले होते, ‘अम्मी, पिक्चर मराठीत आहे. समजले नाही तर मी शेजारी बसून सांगेन.’ शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या सुधारल्या आणि पूर्ण गुण दिले.